दूध पुरत नाही म्हणून बाटली?

बाळ पस्तीस दिवसांचं. जुलाब होत होते म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे आणलेलं. त्यांनी तपासून, औषध देऊन स्तनपानाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवलं. टेकायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, हिला दूधच पुरत नाही हो. पोर सारखं रडतं." सून मान खाली घालून उभी. हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते, आणि ते ऐकताना दर वेळी आईचा चेहरा असाच पडलेला असतो.

मी आधी आशाताईंनी भरलेलं कार्ड मागितलं. जन्माचं वजन 2 किलो 800 ग्रॅम, एकविसाव्या दिवशी 3 किलो 150. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, ते धरलं तर ही वाढ छानच. म्हणजे दूध पुरत होतं! मग बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाला अंगावर मागायला लागलं. या वयात बाळं अशी हपापून पितात, आणि त्यामुळेच दूध वाढतं. घरच्यांना मात्र ते उपाशी वाटलं आणि बाटली आली. आजचं वजन 3 किलो 250. चौदा दिवसांत फक्त 100 ग्रॅम.

"पावडर किती घालता?"

"एक चमचा, बाटलीभर पाण्याला. डबा महाग पडतो ना."

डब्यावर 30 मिलीला एक सपाट चमचा असं माप होतं. बाटलीच्या बुचाच्या आतून बोट फिरवलं तर चिकट थर लागला. जुलाबाचं मूळ बहुधा तिथेच. शिवाय पाणचट दुधाने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि जेवढं ओढलं जातं तेवढंच दूध बनतं.

तिला तिथेच पाजायला बसवलं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड होतं. त्याचं पोट तिच्या पोटाला लावलं, हनुवटी स्तनाला टेकवली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो. भोवतालचा काळा भागही आत गेला आणि गिळण्याचा आवाज येऊ लागला. "मॅडम, आता दुखत नाहीये," ती म्हणाली. इतके दिवस दुखत होतं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

काही आयांना पावडरचा आधार खरंच लागतो, त्यात कमीपणा नाही. मात्र डॉक्टरांना विचारून, डब्यावरच्या मापाने आणि उकळलेल्या वाटी-चमच्याने. इथे ती गरज नव्हती. दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा पाजायचं, वर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने, दर तीन दिवसांनी वजन. पाणी नाही, बाळगुटीही नाही. सासूबाईंना म्हटलं, "काकू, चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले की दूध पोचतंय. हा हिशेब तुम्ही ठेवा."

दोन आठवड्यांनी वजन 3 किलो 700. काकूंनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनाच्या बारीक रेघा. "काल आठ झाले," त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या पाठीमागे उशी सरकवली.