अर्धवट सुटलेले पुस्तक कोणते?

गेली सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ पुस्तकांचे दुकान चालवतो. ‘कोणते पुस्तक घेऊ?’ असे कुणी विचारले, की अलीकडे कोणते पुस्तक अर्धवट सोडले आणि ते कुठे सोडले, हे मी आधी विचारून घेतो. आवडत्या पुस्तकांची नावे पुष्कळदा ऐकीव असतात. सुटलेले पुस्तक मात्र ज्याचे त्याचे असते आणि वाचकाची अडचण त्यातून लवकर कळते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असून इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी तो उत्तम बोलतो. पण मराठी पुस्तक दिले, की दोन पानांत कंटाळतो. हौसेने आणलेले एक जाडजूड चरित्र तसेच पडून आहे. काय द्यावे?
(एक आई, राजारामपुरी)

ताई, गेल्या मे महिन्यात असाच एक मुलगा आजोबांबरोबर दुकानात आला होता. मी त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगितले. सोपे शब्द तो भराभर वाचत गेला. ‘आश्चर्य’ या शब्दापाशी मात्र त्याचे बोट थांबले. त्याने तो रफार दोनदा वेगवेगळा उच्चारून पाहिला, आणि तेवढ्या वेळात वाक्याची सुरुवात त्याच्या मनातून निसटून गेली. मूल कंटाळले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा जोडाक्षरांच्या चढावर त्याला दम लागलेला असतो. म्हणून ते चरित्र तूर्त कपाटात राहू द्या. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला हा काटकुळा पोरगा आणि त्याचे ते ‘ट्टॉक्’ मुलांना लगेच आपलेसे वाटते. पहिले प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना पुस्तक त्याच्या हाती द्या. तेही लांब वाटले, तर दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ घ्या. त्यातली प्रत्येक कामगिरी स्वतंत्र असल्याने एका बैठकीत एक गोष्ट पुरी होते. अकराव्या वर्षी पुस्तक पुरे केल्याचे समाधान मिळणे फार मोलाचे असते. वाचताना उच्चार चुकला, तर लगेच टोकू नका, एवढी मात्र माझी कळकळीची विनंती आहे.

‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ या कादंबऱ्या मी दोन-दोनदा वाचल्या आहेत. यातले खरे किती, असे नातू विचारतो, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. म्हणून एक संशोधनग्रंथ आणला. पण तळटिपांमुळे पन्नासाव्या पानावर थांबलो.
(एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)

गुरुजी, कादंबरीकाराने पात्राच्या मनात शिरणे हा त्याचा अधिकार आहे, त्यामुळे त्या कादंबऱ्यांवरचे आपले प्रेम कमी करण्याचे काहीच कारण नाही. मात्र कादंबरीवरून एकदम संशोधनग्रंथावर उडी घेतली, की अशी धाप लागणारच. मधली पायरी म्हणून मी प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेले पुस्तक सुचवतो. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आपण घ्यावे. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, अशा आशेने वरसईचे हे गरीब भिक्षुक 1857 साली घरून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा ते शहरातच होते. हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रथम छापले, तेव्हा त्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून ते संपादित केले. शक्य तर हे दोन्ही पाठ जवळ ठेवून नातवाबरोबर एखादे प्रकरण ताडून पाहा, म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही एकदमच सापडू लागेल.

त्यानंतर धनंजय कीरांनी लिहिलेले राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र वाचावे. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने महाराजांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे आपण सारेच सांगतो. पण एवढा निर्णय घेणाऱ्या माणसाभोवती तेव्हा काय काय चालले होते, हे कळण्यासाठी चरित्रच वाचावे लागते. तळटिपा पहिल्या वाचनात सरळ सोडून द्याव्यात. जुनी आवृत्ती दुकानात मिळेलच असे नाही, तेव्हा कोल्हापूरला आलात, की 1850 पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जरूर चौकशी करा.

मी परिचारिका आहे. रात्रपाळीत मधूनच वीस मिनिटे मिळतात, आणि कादंबरीचा धागा दर वेळी तुटतो.
(एक वाचक, कसबा बावडा)

मग कादंबरी नकोच. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा वाचा. कथा वीस मिनिटांत बसते आणि माणसे अगदी आपल्या बोलीत बोलतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ही बॅगेत असू द्या. पहाटेच्या थकव्यात दुःखाची कथा नकोशी वाटते, म्हणून सुरुवात शंकर पाटलांच्या ‘धिंड’पासून करावी, असे मी मनापासून सुचवतो.

मी शेती करतो, शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. वर्तमानपत्राखेरीज काही वाचले नाही, त्यामुळे सोडलेले पुस्तकही सांगता येत नाही. आमच्यासारख्यांचे काही आहे का?
(एक शेतकरी, कागल तालुका)

दादा, आहे, आणि ते तुमच्याच कागलच्या माणसाने लिहिलेले आहे. आनंद यादवांची ‘झोंबी’ 1987 साली आली आणि 1990 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याचा मळा कसणारे घर, मुलाला शाळेतून काढून मोटेमागे लावणारा बाप, आणि काही झाले तरी शिकायचेच म्हणून हट्टाला पेटलेला मुलगा, असे हे आत्मचरित्र आहे. पुस्तक जाड आहे, तरी जाडीला घाबरू नका, कारण त्यातला एकही शब्द तुम्हाला कुणाला विचारावा लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच भागातील एक वयस्क गृहस्थ मुलीच्या पुस्तकांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी ‘झोंबी’ सहज उघडली, मळ्यातल्या कामाचे एक पान उभ्यानेच वाचले, मग पिशवी खाली ठेवून ते स्टुलावर बसले, आणि कागलची गाडी चुकली तरी त्यांना भान नव्हते. महिन्याभराने ते पुढचा भाग मागायला आले.

तो पुढचा भाग म्हणजे ‘नांगरणी’. त्यानंतर ‘घरभिंती’ आणि शेवटी ‘काचवेल’, असा तो क्रम आहे. चारही एकदम घेऊ नका. आधी ‘झोंबी’ न्या, आणि दुकानात आलात तर मधलेच कोणतेही पान काढून थोडा वेळ बसून वाचा. ते स्टूल अजून तिथेच आहे.