पिल्लाच्या कानात खोबरेल तेल घालावं का?

तुम्ही लिहिलंय की अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय, ते सारखं मागच्या पायाने कान खाजवतं, कानात तपकिरी मळ दिसतो आणि सासूबाई म्हणतात, कोमट खोबरेल घाला. घालू का?

नका घालू. मी नाशिकचाच, गंगापूर रोडला राहतो आणि हे तेल आमच्या घरी एकदा घालून झालंय, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

आमचा मोती बीगल जातीचा कुत्रा होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला फिरवून आणलं. त्या दिवसांत तिथलं गवत कंबरेएवढं वाढून वाळलेलं असतं. घरी आल्यापासून तो डोकं झटकायला लागला. आईने लसूण घालून खोबरेल कोमट केलं आणि दोन दिवस कानात सोडलं. लहानपणी आमचे कान दुखले की ती हेच करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मोतीच्या कानाची पाळी उशीसारखी फुगलेली आणि हाताला गरम. झटकून झटकून पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साठलं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन ते काढलं, टाके घातले आणि कानाच्या आतून चिमट्याने एक कुसळ ओढून बाहेर काढलं. तेलाने माखलेलं, जेमतेम नखाएवढं. कुसळाला उलट्या दिशेचे बारीक काटे असतात, त्यामुळे ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. आम्ही वर तेल घालत होतो आणि ते आत चाललं होतं. हे सगळं पहिल्याच दिवशी टळलं असतं.

तेल का नको, ते कानाची रचना पाहिली की कळतं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी उभी खाली उतरते आणि मग आत वळून पडद्याकडे जाते, प्लंबर ज्याला एल्बो म्हणतात तशी. आत गेलेलं तेल किंवा पाणी त्या वळणात बसून राहतं. लॅबचा कान वरून झाकलेला, म्हणजे आत ऊब, ओल आणि वारा नाही. कातडीवर एरवीही थोडीफार असणारी बुरशी अशा जागी झपाट्याने वाढते.

तपकिरी मळाचं म्हणाल तर तो साधा मळ असू शकतो. आंबूस, कुबट वास येत असेल तर बुरशीची शक्यता जास्त. आणि कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा, काळपट मळ आणि प्रचंड खाज असेल तर कानातल्या माइट्सची, म्हणजे अगदी बारीक परजीवी किड्यांची, शंका घ्यावी. लहान पिल्लांना ते आईकडून लागतात. तसं निघालं तर घरातल्या बाकीच्या कुत्र्यामांजरांनाही औषध द्यावं लागतं, नाहीतर ते फिरून परत येतात. यातलं नेमकं काय आहे हे घरी बसून ठरवता येत नाही. डॉक्टर दिव्याच्या नळीने पडदा शाबूत आहे का ते बघतात, मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पडदा फाटलेला असताना चुकीचा ड्रॉप गेला तर ऐकू येणं जाऊ शकतं, तोल बिघडू शकतो. म्हणून माणसांचे उरलेले ड्रॉप्ससुद्धा घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटही नको, आतल्या नाजूक कातडीची आग होते.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पिल्लाला कानाला हात लावून घ्यायची सवय याच वयात लागते. रोज जेवण द्यायच्या आधी दहा सेकंद कान हातात घ्या, पाळी उलटून आत बघा, वास घ्या, सोडा आणि मग ताट पुढे करा. आमच्या आत्ताच्या चिकूला हे पहिल्या आठवड्यापासून केलं. आई तिला पनीरचा तुकडा चाटवत बसते, मी कान बघतो. मोती मोठा झाल्यावर कानाकडे हात नेला की गुरगुरायचा. त्याला दुखलेलं आठवत असणार, मला अजून वाईट वाटतं.

दुखणं बरं झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मगच साफसफाई. कुत्र्यांसाठीचा इअर क्लीनर मिळतो, तोच आणा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बाटली गार पडते आणि गार थेंबाने पिल्लू दचकतं, म्हणून ती आधी मुठीत धरून कोमट करा. पिल्लाला दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरं बसवा, पाळी वर धरा, बाटलीचं तोंड कानाला न टेकवता नळी भरेल इतकं सोडा. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या वरच्या भागात, अर्धा मिनिट बोटांनी चोळा. आतून पचपच आवाज आला की बरोबर चाललंय. सोडलं की ते जोरात डोकं झटकेल, झटकू द्या, आतला मळ त्यानेच वर येतो. मग बोटाला कापूस गुंडाळून बोट सहज जाईल तेवढंच पुसा. इअर बड मात्र नकोच, त्याने मळ आत ठासला जातो.

सवयीसाठी रोज बघा, नीट तपासायचं दर आठवड्याला, पण धुवायचं मळ दिसला तरच. कान गुलाबी आणि स्वच्छ असेल तर तो धुऊ नका, सारखं धुतल्यानेही आतली कातडी हुळहुळी होते. आंघोळीनंतर कान नीट कोरडे करा. पावसाळ्यात गोचीड पाळीच्या आत आणि बाहेरच्या कडेला असलेल्या कातडीच्या छोट्या खिशात लपते, तिथे बोट फिरवा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. पांडवलेणी, चामरलेणीकडे वाळलेल्या गवतातून फिरवून आणलंत तर घरात शिरायच्या आधी कान आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या तपासा. अर्थात लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तिकडे नेऊच नका.

डोकं एका बाजूला कलतंय, चालताना झोकांड्या जातायत, पू येतोय, पाळी फुगली किंवा हात लावताच ते कळवळतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नसेल तरी एक-दोन दिवसांत दाखवाच. आणि जायच्या आधी कान पुसू नका. मळ आहे तसा राहू द्या, डॉक्टरांना तपासायला तोच लागतो.