जर्मन टीचिंगमध्ये मास्टर्स करायचं म्हणतेस, तर...

अगं,

तुझा मेसेज वाचला. व्हॉइस नोटमध्ये मावणार नाही म्हणून लिहितेच. जर्मनची सी-१ लेव्हल झाली (ए-१ सगळ्यात खालची, सी-२ सगळ्यात वरची), बी.ए. संपत आलं, आता जर्मन शिकवण्यात मास्टर्स करू का आणि केलं तर इथे की जर्मनीत, असे तुझे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर तसं सोपं आहे, त्याच्याकडे येते. पण मास्टर्स का करायचंय याचं जे कारण तू दिलंयस ना, "म्हणजे माझं जर्मन अजून पक्कं होईल", ते काही मला पटलेलं नाही. जर्मन पक्कं करायला दोन वर्षं आणि घरच्यांचे इतके पैसे घालवायची गरज नाही, त्यासाठी वाच, ऐक, सी-२ची परीक्षा दे, संपलं. पोळ्या स्वतःला गोल लाटता येणं आणि लाटणं पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाला शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मास्टर्स त्या दुसऱ्या गोष्टीचं असतं.

एक उदाहरण देते. आपल्या मराठी मुलांना 'गेफालेन', म्हणजे 'आवडणे', हे क्रियापद शिकवायचंय. इंग्लिशच्या सवयीने अर्धा वर्ग "मी पुस्तक आवडतो" अशा चालीचं वाक्य करतो, इख गेफाले दास बूख, आणि मग बाई दातिफचा, म्हणजे 'मला, तुला' या विभक्तीचा, तक्ता फळ्यावर लिहितात, मुलं तो वहीत उतरवतात आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत. आता त्याच मुलांना आधी विचार, मराठीत कसं म्हणाल? मला पुस्तक आवडतं. पुस्तकं दहा असली तर? मला पुस्तकं आवडतात. म्हणजे क्रियापद कोणाच्या मागे गेलं, माझ्या की पुस्तकांच्या? पुस्तकांच्या! जर्मनमध्ये अगदी हेच होतं, मीर गेफॅल्ट दास बूख, मीर गेफालेन दी ब्यूशर. मागच्या बाकावरचा जो मुलगा मराठी मीडियमचा म्हणून गप्प बसलेला असतो ना, तो इथे सगळ्यात आधी उत्तर देतो. हे फक्त जर्मन येतं म्हणून सुचत नाही, शिकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे हे बघायची सवय लागते तेव्हा सुचतं. ती सवय लावून घ्यायची असेल तर हो, मास्टर्स कर.

आता इथे की तिथे. आपल्याकडे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठाचं कलिना आहे, हैदराबादला इफ्लू ही भाषांची युनिव्हर्सिटी, दिल्लीला जेएनयू. फी परवडते, शिकवणारे चांगले आहेत, पण बहुतेक ठिकाणी एम.ए. हे जर्मन भाषा-साहित्याचं असतं, म्हणजे गेर्मानिस्टिक, त्यात शिकवण्याच्या पद्धतींचा वाटा लहान. साहित्य वाईट असं मी म्हणत नाहीये हां, कविता न वाचलेला भाषाशिक्षक मला स्वतःला कोरडाच वाटतो. पण तुला जे हवंय त्याला जर्मनीत 'डॉइच आल्स फ्रेम्टश्प्राखे' म्हणतात, म्हणजे परकी भाषा म्हणून जर्मन, थोडक्यात सगळे डाफच म्हणतात, आणि तो तिथे स्वतंत्र विषय आहे. लाइपझिगला १९५६पासून परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवायची संस्था आहे, आज तिला हेर्डर इन्स्टिट्यूट म्हणतात, म्युनिकला हाराल्ड वाइनरिश यांनी १९७८मध्ये या विषयाचा विभाग उभा केला. त्याला जोडून डात्स असतं, म्हणजे जर्मनीतच राहायला आलेल्या लोकांना जर्मन शिकवणं. तिथले सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतात, नेहमीचा कोर्स ६०० तास भाषा अधिक १०० तास देशाची ओळख, आणि त्यावर शिकवायची परवानगी मिळवायला ही डिग्री कामी येते. मात्र त्यातली बरीच कामं तासावर, कॉन्ट्रॅक्टवर असतात, तिथे गेलं की आयुष्यभराची पर्मनंट नोकरी असं काही डोक्यात ठेवू नकोस.

खर्चाचं आईबाबांना स्पष्ट सांग. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही किंवा नगण्य आहे, पण बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना २०१७पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात, म्हणजे हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन ही सगळी सुंदर गावं त्यात आली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, नोव्हेंबर २०२२पासून भारतीयांना कंपल्सरी आहे, मार्कशीट हातात येण्याची वाट बघत बसू नकोस, काय काय कागद लागतात ते आजच बघ, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला हॉटेलात भांडी घासून वर डिडाक्टिकचे, म्हणजे शिकवण्याच्या शास्त्राचे, रेफेराट (वर्गापुढची प्रेझेंटेशन्स) द्यायचे हे कागदावर वाटतं तितकं सोपं नाही. डाएएडी या जर्मन संस्थेची स्कॉलरशिप मिळाली तर सोन्याहून पिवळं, अर्ज नक्की कर.

माझं मत विचारशील तर लगेच जाऊ नकोस. एक वर्ष इथे शिकव, मग जा. कुठल्याही बऱ्या क्लासमध्ये ए-१ची एक बॅच घे, आणि घेण्याआधी दोन-तीन चांगल्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसायची परवानगी माग. त्याला हॉस्पिटेशन म्हणतात आणि मास्टर्समध्ये ते बहुतेक ठिकाणी करावंच लागतं. बसशील तेव्हा शिक्षकाकडे बघू नकोस, मुलांकडे बघ. समजा स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचा ऑडिओ लावलाय. एक शिक्षक तो तीनदा वाजवतो आणि मग ओळ न् ओळ भाषांतर करून सांगतो, वर्ग मान डोलावतो. दुसरी बाई ऑडिओच्या आधीच फळ्यावर एवढंच लिहिते, "गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर?" बाकी काही कळलं नाही तरी चालेल म्हणते, आणि मग बघ, सगळे कान टवकारून बसतात. दुसऱ्यांदा ऐकताना गाडी किती लेट, तिसऱ्यांदा का लेट. पोरांना गाडी पकडायला पुरेल इतकं जर्मन तेवढ्या वेळात कानाने कळलेलं असतं. असं बघून, करून, फसून गेलीस ना की तिथल्या सेमिनारमधल्या थिअरीला खुंटी मिळते. नाहीतर क्रॅशेनचा इनपुट (समजेल असं ऐकून-वाचून भाषा येते हा विचार), टास्क-बेस्ड लर्निंग (एखादं काम करता करता भाषा शिकणं), ए-१ ते सी-२ या लेव्हल ठरवणारं कॉमन युरोपियन फ्रेमवर्क २००१चं, ही सगळी नुसती परीक्षेपुरती नावं राहतात. बाय द वे, टास्क-बेस्ड शिकवण्याच्या इतिहासात आपला बंगलोर प्रोजेक्ट मोठा आहे, एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते ८४ दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये केलेला. तिकडच्या वर्गात बसून भारताकडून काय येणार असा न्यूनगंड वाटला तर हे आठव.

पुढे नोकरीचं. कॉलेजात शिकवायचं असेल तर जर्मनमध्ये नेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागेल, त्यात जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळाली तर पीएचडीला महिना ३७,००० मिळतात. शाळेत बहुतेक ठिकाणी बी.एड. मागतात, नुसत्या मास्टर्सवर अडतं. आणि सरकारी धोरणावर फार विसंबू नकोस. केंद्रीय विद्यालयांमध्ये जर्मन तिसरी भाषा होती, नोव्हेंबर २०१४मध्ये वर्ष अर्धं झालेलं असताना तिच्या जागी संस्कृत आणलं, कंत्राटी शिक्षकांची काय धावपळ झाली असेल बघ. उलट आता २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग यांचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला, नर्सेस, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा लोकांना जर्मन शिकवायची एकदम गरज निघाली. एखादी सांगलीची नर्स, ड्यूटी करून, मुलं सांभाळून बी-२ करायला बघतेय, तिला बेडसोर आणि इंजेक्शनचं जर्मन हवंय, बर्लिनच्या म्युझियमचं नको. तिला कसं शिकवायचं यावर कोणी नीट काम केलेलं मला तरी अजून भेटलेलं नाही. थिसिसचा विषय शोधत हिंडायची गरज पडू नये तुला.

एआयने शिक्षकांच्या नोकऱ्या जातील का असं विचारलं होतंस. ग्रामरचे एक्सरसाइज काढायला मीपण वापरते, झकास काढतं. पण बी-२च्या बोलण्याच्या परीक्षेआधी रडकुंडीला आलेल्या माणसाला पुन्हा खुर्चीत बसवून बोलतं करायचं काम अजून माझ्याकडेच येतं. जे शिक्षक फक्त तक्ते आणि भाषांतर करत होते त्यांना मात्र अवघड जाणार आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाईट वाटत नाही.

पैशाचंही सांगून ठेवते, सुरुवातीला तासावर पैसे मिळतात, मे महिन्यात आणि दिवाळीत बॅच नसली की उत्पन्न नाही. कॉर्पोरेट ट्रेनिंगला बरे मिळतात पण पुण्याच्या आयटी कंपन्यांकडे, हिंजवडीला, संध्याकाळी जाऊन यायची तयारी हवी.

मोटिवेशन लेटरमध्ये "लहानपणापासून मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण" हे वाक्य आढळलं तर मी पुढे वाचणार नाही, आत्ताच सांगते. तू घेतलेल्या एका तासाबद्दल लिही, काय ठरवलं होतं, वर्गात प्रत्यक्षात काय झालं आणि का, बस. तास घेतलेलाच नसेल तर आधी तो घे. ड्राफ्ट झाला की पाठव, फक्त शनिवारी सकाळी नको, माझ्या लागोपाठ दोन बॅच असतात.

मॅम