आधी आपला तास मोज

प्रिय मित्रा,

एसी आणि हीटिंगच्या कामाचा स्वतःचा धंदा काढायचं ठरवलंस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "बाजारात सध्या दर काय चालतो?" हा प्रश्न शेवटी यायला हवा. बाजारातला दर हा ज्याने हिशेब केला त्याचाही असतो आणि ज्याने केला नाही त्याचाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तू आधी तुझा तास काय पडतो ते काढ.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा कर, सणवार, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून आणखी ३३ दिवस वजा कर. उरले २८०. रोजचे आठ तास धरले तर २२४० तास. पण हे सगळे विकले जात नाहीत. साइट बघायला जाणं, कोटेशन लिहिणं, पार्ट आणणं, गाडी चालवणं, पैशांसाठी फोन करणं, यांचं बिल कोणी देत नाही. १०० पैकी ६० तास विकले गेले तरी एकट्या माणसासाठी ते चांगलंच. म्हणजे हातात साधारण १३४४ तास. तुझा वर्षाचा पगार, गाडी, विमा, परवाने, फोन, जागेचं भाडं, अवजारांची झीज, हे सगळं या १३४४ ने भाग. २२४० ने नको. २२४० ने भागलंस तर जो दर येईल तो खऱ्या दराच्या तीन पंचमांश असेल, आणि कामं भरपूर असूनही खिसा का रिकामा हे तुला वर्षभर कळणार नाही.

अवजारांची झीज धरताना व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढणारा), रिकव्हरी मशीन (यंत्रातलं रेफ्रिजरंट, म्हणजे गारवा करणारा वायू, काढून घेणारं), मायक्रॉन गेज (आत उरलेला दाब मोजणारं), वजनकाटा आणि टॉर्क पाना (ठरल्या जोरानेच आवळणारा), प्रत्येकाचं आयुष्य वेगळं लिही. पंपाचं तेल हाही खर्च आहे. ओलावा शोषून तेल दुधाळ झालं की पंप नुसता आवाज करतो, व्हॅक्यूम होत नाही.

आता नफ्याची टक्केवारी. १०० खर्चावर ३० चढवले की ३० टक्के नफा, असं सर्रास धरलं जातं. बिल १३० चं झालं आणि त्यात ३० सुटले, म्हणजे बिलावर २३ टक्के. बिलावर ३० टक्के हवे असतील तर १०० ला ०.७ ने भागायचं, म्हणजे १४३ च्या आसपास. १० टक्के सूट देताना हा फरक जास्तच बोचतो, कारण सूट बिलावर असते आणि खर्च तिथेच राहतो. १३० वर १० टक्के सूट दिलीस की उरतात ११७, आणि ३० चा नफा १७ वर येतो.

नफा खरा खातं ते फुकटच्या फेऱ्यांचं काम. पाच तासांचं काम १० टक्के नफ्यावर केलंस तर त्यात तुझे अर्ध्या तासाइतके पैसे सुटले. तिथे गळती निघून परत तीन तास घालावे लागले, तर तसल्या सहा कामांचा नफा एका फेरीत गेला. म्हणून स्प्लिट एसी बसवताना या चार गोष्टींत वेळ वाचवू नकोस. फ्लेअर (जोडासाठी पाइपाचं तोंड पसरवणं) करण्याआधी पाइपाच्या आतला कापताना आलेला बुरा काढ, काढताना पाइपाचं तोंड खाली ठेव. नट पान्याने अंदाजाने पिळू नकोस. पाव इंची फ्लेअरला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरे, जास्त आवळलं की तांबं चिरतं आणि चीर महिन्याभराने बोलते. ब्रेझिंग (पाइप तापवून वितळलेल्या धातूने सांधणं) करताना पाइपातून नायट्रोजनचा बारीक प्रवाह सोड, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि ती पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन अडकते.

चौथी गोष्ट व्हॅक्यूम. नायट्रोजनने दाब चाचणी झाली की ५०० मायक्रॉनच्या खाली ने, आधी व्हॉल्व्ह मिटव आणि मग पंप बंद कर. गेज पंपावर नको, यंत्राच्या बाजूला लाव. पंपाजवळचं गेज पंपाची तब्येत सांगतं. मग दहा मिनिटं नुसतं बघत बस. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे, परत पंप चालव. थांबतच नसेल, चढतच राहिला, तर गळती. ही दहा मिनिटं कोटेशनमध्ये धर आणि ग्राहकाला गेजचा फोटो दे. कंपनीने धरलेल्या पाइपलांबीपेक्षा पाइप जास्त गेला तर दर मीटरला किती ग्रॅम रेफ्रिजरंट भरायचं ते पुस्तिकेत असतं. काट्यावर मोजून भर आणि तो आकडा बिलावर लिही.

परवाना म्हणजे एकच कागद, अशी समजूत असेल तर ती सोड. रेफ्रिजरंट हाताळणं, वीजजोडणी, गॅस किंवा तेलावरच्या भट्ट्या आणि त्यांची धुराडी, आणि धंद्याची नोंदणी, असे चार वेगवेगळे धागे असतात आणि बहुतेक ठिकाणी ते वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात. अमेरिकेत रेफ्रिजरंट हाताळण्याचं, कलम ६०८ चं प्रमाणपत्र व्यक्तीला मिळतं, कंत्राटदाराचा परवाना मात्र राज्य किंवा शहर देतं. प्रमाणपत्र आहे म्हणून धंदा कायदेशीर झाला असं तिथे होत नाही. तुझ्याकडचा नियम काय, हे लेखी विचार, आणि दोन उपप्रश्न आवर्जून घाल: परवाना माझ्या नावावर की फर्मच्या? तो ज्याच्या नावावर आहे तो माणूस सोडून गेला तर चालू कामं बंद पडतात का? दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर त्या माणसाचा पगार ठरवताना ते लक्षात ठेव.

विम्याचं पत्रक संपूर्ण वाच. ब्रेझिंगची आग, छतावरचं काम आणि पाण्याचं नुकसान यांना वगळणारी कलमं मागच्या पानावर बारीक टायपात असू शकतात, आणि या धंद्यातले बरेच दावे नेमके त्याच तिघांचे. तुंबलेल्या ड्रेनमुळे सीलिंग भिजणं तर अगदी नेहमीचं.

रेफ्रिजरंटच्या बाजाराकडे वेगळं लक्ष हवं. ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी आर-२२ चा (जुन्या एसीतला वायू) रस्ता बंद होत गेला आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीही (आर-४१०ए, आर-३२ सारखे वायू) टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. कार्बन डायऑक्साइडचा १ धरला तर आर-४१०ए चा तापमानवाढीचा निर्देशांक २०८८, आर-३२ चा ६७५, आर-२९० चा अगदी दोन-तीनाच्या घरात. पण आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्यामुळे खोलीचं किमान क्षेत्रफळ तपासावं लागतं, लीक डिटेक्टर आणि रिकव्हरी मशीन त्या वायूला चालणारे घ्यावे लागतात. जुन्या आर-२२ च्या यंत्रात स्वस्त म्हणून प्रोपेन भरून दे, असा आग्रह कोणी धरला तर नाही म्हण. त्या यंत्राचे स्विच-रिले ठिणगीचा विचार करून केलेले नाहीत.

आता तुझा मूळ प्रश्न, स्थानिक बाजार. हवामान खात्याचे मासिक तापमान घे. दिवसाचं सरासरी तापमान २६ अंश असेल तर १८ अंशांच्या पायावर ते ८ 'कूलिंग डिग्री-डे' (गारव्याची गरज मोजायचं माप) झाले. १२ असेल तर ६ 'हीटिंग डिग्री-डे' (उबेची गरज). महिन्यावारी बेरीज मांडलीस की कामाचा चढउतार समोर येतो आणि कोणते महिने मोकळे ते कळतं. मग ज्या भागात काम करायचं तिथे पायी फीर आणि भिंतींवरचे आउटडोअर (एसीचे बाहेरचे भाग) मोज. पाट्यांवरचं साल आणि रेफ्रिजरंट टिपून घे. दहा-पंधरा वर्षं जुनी यंत्रं जास्त दिसली तर तिथे बदलीचं काम येणार, नवी दिसली तर सर्व्हिसचं. सगळं आउटडोअर शिडीपलीकडे उंचावर टांगलेलं असेल तर तुझ्या दरात मचाणाचे तास आधीच धर.

वार्षिक करार मोकळ्या महिन्यांसाठी विक. त्यात रेफ्रिजरंट धरलंय की नाही, फेऱ्या किती, आणि जागेवर पोहोचायचा वेळ किती, हे तिन्ही मुद्दे शब्दन्शब्द लिहिलेले हवेत.

एक गोष्ट राहिली, उधारी. पुरवठादाराला ३० दिवसांत द्यायचे आणि ग्राहकाकडून ६० दिवसांनी येतात, तर मधल्या ३० दिवसांचा माल तुझ्या पैशाने चाललाय. भर सीझनला कामं दुप्पट झाली की ही पोकळीही दुप्पट होते, म्हणून धंदा मोडतो तो बऱ्याचदा भर सीझनमध्येच. यंत्राचे पैसे ऑर्डरीबरोबर घे, बाकीचे चालू करून दिल्यावर.

१३४४ च्या जागी तुझा आकडा टाकून तक्ता पाठव. गाडीची पासिंग आणि विमा त्यात नसेल तर तसाच परत येईल.

तुझा हितचिंतक