प्रादेशिक रेल्वेमार्गासाठी नवी गाडी निवडताना कमाल वेगाला किती महत्त्व द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठेक किलोमीटरचा, डझनभर थांब्यांचा एकेरी रेल्वेमार्ग आहे, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना रूळ एकच. जुन्या डिझेल गाड्या जाऊन नव्या येणार आहेत. ताशी १२० ऐवजी १४० किमी धावणारी गाडी घेतली तर सेवा सुधारेल का? आणि बॅटरीवरच्या गाड्यांचा सध्या एवढा बोलबाला आहे, त्यात तथ्य किती?

पहिल्याचं उत्तर: फारशी सुधारणार नाही. माझं काम वेळापत्रक आखण्याचं आहे, गाड्या बांधण्याचं नाही, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघडच आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, कागद-पेन्सिल घ्या.

दोन थांब्यांमध्ये ५ किमी अंतर धरा. जुन्या गाडीचा पिकअप बेताचा असतो: दर सेकंदाला वेग सरासरी ०.४ मीटर प्रति सेकंदाने वाढतो असं समजू. ब्रेक लावताना तो ०.७ ने कमी होतो. अशी गाडी १२० पर्यंत वेग घेऊन पुढच्या थांब्यावर उभी राहीपर्यंत साधारण २१५ सेकंद जातात. आता बाकी सगळं तसंच ठेवून कमाल वेग १४० करा. उत्तर येतं २०५. कारण १४० गाठेगाठेपर्यंत जवळपास दोन किलोमीटर संपलेले असतात, शेवटचा एक किलोमीटर ब्रेकमध्ये जातो, आणि त्या वेगाने खरोखर धावायला मधले दोनच किलोमीटर उरतात. उलट कमाल वेग १२० च ठेवून पिकअप दुप्पट केला, म्हणजे ०.८, तर वेळ येतो १९५ सेकंद. म्हणजे वेग वाढवून १० सेकंद वाचले, पिकअप वाढवून २०. वर १४० साठी दर थांब्यानंतर गाडीत ३६ टक्के जास्त गतिज ऊर्जा ओतावी लागते, ती वेगळीच.

वीस सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. असे १२ टप्पे आहेत, म्हणजे चार मिनिटं. आणि तासाला एक गाडी असलेल्या मार्गावर चार मिनिटांत एक अख्खी गाडी दडलेली असते.

ते कसं, सांगतो. मधल्या ११ थांब्यांवर प्रत्येकी एक मिनिट धरलं तर जुन्या पिकअपने एका बाजूचा प्रवास ५४ मिनिटांचा होतो. जाऊन-येऊन १०८. दोन रेक (रेक म्हणजे डब्यांचा पूर्ण जोडलेला संच, एक अख्खी गाडी) वापरून तासाला एक फेरी द्यायची तर पूर्ण चक्कर १२० मिनिटांत बसली पाहिजे. उरली १२ मिनिटं, म्हणजे प्रत्येक टोकाला ६. तेवढ्यात चालकाने एका केबिनमधून उतरून फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायचं, ब्रेकची चाचणी घ्यायची आणि आलेला उशीरही तिथेच जिरवायचा. शिवाय पाऊस, निसरडे रूळ, एखाद्या ठिकाणची वेगमर्यादा यांसाठी धावण्याच्या वेळेत थोडी भर ठेवावीच लागते. ती पाच टक्के धरली की ५४ चे ५७ होतात आणि टोकाला राहतात तीन मिनिटं. सकाळच्या एका फेरीला पाच मिनिटं उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत फेडला जात नाही. मग वेळापत्रकवाल्यांसमोर दोनच पर्याय उरतात: उशीर गिळायचा किंवा तिसरा रेक मागायचा. तिसरा रेक म्हणजे गाड्यांचा खर्च दीडपट, चालक जास्त, डेपोत जागा जास्त, आणि प्रवाशाच्या पदरात मात्र एकही जादा फेरी नाही.

चांगल्या पिकअपच्या गाडीत तोच प्रवास, ती भर न धरता, ५० मिनिटांचा होतो आणि टोकाला दहा मिनिटं मिळतात. या ५० च्या आकड्याला आणखी एक गुण आहे. दोन्ही टोकांवरून गाड्या प्रत्येक तासाच्या ५ व्या मिनिटाला सोडा. त्या समोरच्या टोकाला ५५ व्या मिनिटाला पोचतात आणि ३० व्या मिनिटाला मार्गाच्या मधोमध एकमेकींना भेटतात. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी लूप (एक गाडी बाजूला घेण्याचा जादा रूळ) लागते ती एकच, पण तिथेच. जंक्शनवर मुख्य मार्गाच्या गाड्या तासाच्या ठोक्याला येत असतील तर तुमची गाडी पाच मिनिटं आधी येऊन पाच मिनिटांनी निघते, आणि इकडून तिकडे जाणाऱ्याला दोन्ही दिशांना जोडगाडी, म्हणजे पुढच्या प्रवासाची गाडी, मिळते.

स्वित्झर्लंडने पूर्ण देशाची रेल्वे याच हिशेबावर उभी केली. १९८२ च्या मे महिन्यात तिथे देशभर ठरावीक मिनिटाला सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आलं. नेदरलँड्सने तो प्रयोग १९७० मध्येच केला होता. पण स्विस लोक पुढे गेले. १९८७ च्या डिसेंबरात जनमत घेऊन त्यांनी ‘बान २०००’ ही योजना मंजूर केली, आणि तिचं सूत्र होतं: शक्य तितकं वेगवान नाही, गरजेपुरतं वेगवान. झ्युरिक ते बर्न प्रवासाला ६९ मिनिटं लागत होती. ती एका तासाच्या आत आणायची होती, कारण तासाच्या ठोक्याला दोन्ही स्थानकांत गाड्यांचा मेळ बसवायचा होता. त्यासाठी माटश्टेटन ते रोथ्रिस्ट हा नवा मार्ग बांधला, २००४ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि वेळ ५६ मिनिटांवर आला. तिथे थांबले. ५० करता आली असती तरी ती सहा मिनिटं प्रवाशाने जोडगाडीची वाट बघत फलाटावरच काढली असती. आधी वेळापत्रक, मग त्याला लागतील तेवढे रूळ, आणि शेवटी त्यावर धावेल अशी गाडी, असा हा क्रम आहे. बहुतेक ठिकाणी तो उलटा चालतो, कारण गाडीच्या उद्घाटनाला फीत कापता येते, वेळापत्रकाच्या नाही.

आता दारांकडे या. गाडीच्या रचनेतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. वर मी थांब्यावर एक मिनिट धरलं. ते ४० सेकंदांवर आणलं तर ११ थांब्यांत आणखी साडेतीन मिनिटं सुटतात, तीही एक युनिट वीज न जाळता. त्या ५० मिनिटांवरची पाच टक्के भर यातूनच निघते.

एखाद्या थांब्यावर उभं राहून एकाच दाराकडे बघत बसा. गाडी थांबते. चालक दारं मोकळी करतो. फट भरणारी पायरी असेल तर ती बाहेर सरकते, आणि ती पूर्ण सरकल्याशिवाय दार हलत नाही. दार उघडतं, आतले उतरतात, बाहेरचे चढतात. भोंगा वाजतो, दार मिटतं, पायरी आत जाते, सगळी दारं कुलूपबंद झाल्याचा दिवा केबिनमध्ये लागतो आणि मगच गाडीला ओढ मिळते. कोणीही चढलं-उतरलं नाही तरी या यंत्रणेचे दहा-पंधरा सेकंद जातातच. गाडी मागवताना लोक आसनांच्या रंगावर तासन्‌तास बोलतात. या चक्राला किती सेकंद लागतात हे करारात लिहून घ्या, असं सांगणारा मात्र बैठकीत एखादाच असतो.

उरलेला वेळ माणसांचा. दोन माणसं शेजारून एकदम चढू-उतरू शकतील एवढं दार रुंद हवं, म्हणजे १.३ मीटरच्या आसपास. ते डब्याच्या अगदी टोकाला असलं की डब्याच्या मध्यावर बसलेल्याला अर्धा डबा तुडवत यावं लागतं. एक-तृतीयांश अंतरावर असलं तर गर्दी दोन्हीकडून फुटते. दुमजली गाड्या आसनं भरपूर देतात, पण जिन्यावर लोक अडकतात. पॅरिसच्या आरईआर ए या उपनगरी मार्गावर दुमजली गाड्या चालवायच्या तर डब्याच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन रुंद दारं द्यावी लागली. थांबे दूर असतील तर दुमजली चालते, तुमच्या मार्गावर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

आणि फलाटाची उंची. युरोपीय संघात ५५० आणि ७६० मिलिमीटर अशा दोन प्रमाण उंची आहेत, ब्रिटनमध्ये ९१५. गाडीची जमीन फलाटाच्या पातळीत नसेल तर चाकाच्या खुर्चीसाठी कर्मचारी रॅम्प आणतो, उलगडतो, माणूस आत जातो, रॅम्प घडी करून परत ठेवतो. यात दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि ती कधी लागतील हे आधी कळत नाही, म्हणून वेळापत्रकात मांडताही येत नाहीत. पातळी जुळलेली असली की तो माणूस इतरांबरोबर, त्यांच्याच वेळेत चढतो. लिव्हरपूल परिसरात २०२३ पासून धावणाऱ्या नव्या गाड्यांत सरकती पायरी देऊन हेच साधलं आहे. डब्याची जमीन खाली आणायची तर तळाखालची यंत्रणा छतावर न्यावी लागते. शिवाय दोन डब्यांना मिळून एकच बोगी (इथे बोगी म्हणजे चाकांचा सांगाडा, डबा नव्हे) दिली की तिच्या वरचा उंचवटा डब्यांच्या सांध्यापाशी जातो आणि दारांजवळची जमीन सपाट राहते. ही युक्ती जुनी आहे, १९३३ च्या बर्लिन-हँबुर्ग वेगवान डिझेल गाडीतही ती होती.

मापं मात्र स्वतः घ्या, नकाशावर विसंबू नका. फ्रान्समध्ये २०१४ साली उघडकीला आलं की नव्या प्रादेशिक गाड्या सुमारे १,३०० जुन्या फलाटांना घासतील. गाडीची रुंदी ठरवताना मापं वापरली गेली ती गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या फलाटांची, त्याआधीचे फलाट रुळांच्या जास्त जवळ होते. फलाट तासण्याचा खर्च ५ कोटी युरो. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अरुंद मार्गासाठी मागवलेल्या ३१ गाड्या तिथल्या जुन्या बोगद्यांत मावणार नाहीत, हे २०२३ मध्ये गाजलं. निदान त्या बांधायला घेण्याआधी तरी लक्षात आलं. तरीही वरिष्ठांना खुर्च्या सोडाव्या लागल्या.

स्वस्तात भागवण्याचा मोह होतोच. ब्रिटनने १९८० च्या दशकात बसच्या सांगाड्यावर बेतलेल्या, बोगी नसलेल्या, चार चाकांच्या ‘पेसर’ गाड्या आणल्या. वळणावर त्या किंचाळायच्या, सांध्यांवर हादरायच्या, आणि तात्पुरत्या म्हणून आलेल्या त्या गाड्या २०२१ पर्यंत चालल्या. लोक त्यांची टिंगल करतात, पण त्या नसत्या तर काही शाखामार्ग बंदच पडले असते असं मला वाटतं. तरी आज कोणी तसलं काही सुचवलं तर नको म्हणा.

गर्दीच्या वेळेसाठी लांब गाडी घेऊन दुपारी ती रिकामी फिरवू नका. आखूड गाड्या घ्या आणि सकाळ-संध्याकाळ दोन जोडा. आपोआप जोडणाऱ्या कपलरमध्ये यांत्रिक जोड, हवा आणि विजेच्या तारा एकदमच जुळतात, रुळांवर माणूस उतरवावा लागत नाही. एक फालतू वाटणारी गोष्टही विचारून घ्या: शौचालयाची टाकी किती दिवसांनी रिकामी करावी लागते आणि ती सोय कुठे आहे? रेक लिंक, म्हणजे कोणती गाडी कोणत्या दिवशी कुठल्या फेऱ्या करेल याचा तक्ता, बांधताना प्रत्येक गाडी तितक्या दिवसांत त्या जागी परतलीच पाहिजे. नाहीतर दारावर ‘बंद’चा कागद चिकटवलेली गाडी फिरत राहते.

आता बॅटरी. तथ्य आहे, आणि त्याचं एक कारण पर्यावरणाइतकंच पिकअप हे आहे. विजेची मोटर उभ्या गाडीला जसा जोर देते तसा डिझेल गाडीला क्वचितच जमतो. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने ५५ बॅटरी गाड्या मागवल्या, त्या २०२३ च्या ऑक्टोबरपासून सेवेत येऊ लागल्या. हायड्रोजनचंही नाव ऐकलं असेल: शेजारच्या लोअर सॅक्सनीत २०२२ मध्ये १४ हायड्रोजन गाड्यांचा ताफा नियमित सेवेत उतरला, पण त्याच राज्याच्या यंत्रणेने पुढच्या खरेदीसाठी बॅटरीच निवडली. एका चार्जमध्ये २२४ किमीचा विक्रम २०२१ मध्ये नोंदला गेला, तो जाहिरातीत दिसेल. त्यावर वेळापत्रक बांधू नका. कडाक्याच्या थंडीत दर पाच किलोमीटरला दारं उघडणाऱ्या डब्यात हीटर किती खातो आणि बॅटरी आठ वर्षांची झाल्यावर किती पल्ला उरतो, ते विचारा.

तुमच्या मार्गापुरतं बोलायचं तर जंक्शनच्या टोकाला ओव्हरहेड वायर आहे का, हे आधी बघा. असेल तर टोकाला मिळालेली ती दहा मिनिटंच चार्जिंगची वेळ होतात, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त तीन मिनिटं उरत असतील तर बॅटरी गाडी तिथे चालणारच नाही. दुसऱ्या टोकालाही चार्जिंगची सोय लागेल का, हे चढ किती आहे त्यावर ठरेल. आणि क्रॉसिंगची लूप सध्या कुठे आहे ते मोजा, किलोमीटरमध्ये नको, मिनिटांमध्ये. ती मधोमध नसेल तर गाड्यांच्या निविदेआधी लूप हलवण्याचे पैसे मागा.