मिस्टरांना आधी आवरा

"ताई, नववीतल्या मुलाच्या दप्तरात थिनरची बाटली सापडली. प्रोजेक्टला लागते म्हणतो, पण रुमालालाही तोच वास. तोंडाभोवती पुरळ आलंय, मी पिंपल्स समजून क्रीम लावत होते. मिस्टर म्हणतात, रंगेहाथ पकडून बडवतो. काय करू?" – एक आई, कोपरखैरणे

अगं, आधी मिस्टरांना आवर! मारू नये हे तर आहेच, पण इथे जिवाचा प्रश्न आहे. थिनर हुंगलं की त्यातल्या टोल्यूइनसारख्या रसायनांनी हृदय इतकं नाजूक होतं की त्याच वेळी पोरगं दचकलं, घाबरून पळालं तर ठोके बिघडून जागच्या जागी बंद पडू शकतं, आणि पहिल्यांदाच हुंगणाऱ्याचंसुद्धा. म्हणून नशेत दिसला तर ओरडायचं नाही, मागे धावायचं नाही. खिडक्या उघड, बाटली लांब ठेव, गॅस नि देवातला दिवा लावू नको (थिनर पेट घेतं बाई), त्याला शांत बसव आणि एकटं सोडू नको. शुद्ध हरपली तर कुशीवर वळव आणि लगेच १०८.

प्रोजेक्टची थाप आहे ती. बाटलीतलं व्हाइटनर-थिनर दुकानात विकायला २०१२ पासूनच बंदी आहे, पेनमधलं चालतं, म्हणजे कुणीतरी गुपचूप देतंय. आणि ते पुरळ पिंपल्स नसणार, हुंगणाऱ्यांना नाकातोंडाभोवती असंच येतं, क्रीम बंद कर.

'माझ्याच घरात कसं' असं मनात आलं असेल ना? केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्व्हेत हुंगायची नशा ही एकच अशी निघाली जिच्यात पोरं मोठ्यांच्या पुढे, १.१७ टक्के, मोठे ०.५८. स्वस्त, हाताशी असलेली वस्तू, दारूसारखा संशयही येत नाही.

बोलायचं ते तो पूर्ण शुद्धीत असताना, जेवण झाल्यावर, आणि 'का केलंस' ने सुरुवात नको. कोणाबरोबर, कधीपासून, हुंगल्यावर कसं वाटतं, एवढंच विचार आणि मग तू गप्प बस, ते जास्त अवघड जाईल तुला. दोनचार दिवसांत डॉक्टरकडे ने, लिव्हर-किडनी बघतील, मेंदूवरही परिणाम होतो, लवकर थांबलं तर बरंच भरून येतं. मानसोपचारतज्ज्ञ लागलाच तर ठाण्याचं मनोरुग्णालय जवळ आहे, नावाला घाबरू नको, सासूबाईंना सांगायचीही गरज नाही. त्याआधी १४४४६, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. तो क्लासला गेला की आजच लाव, मिस्टरांना शेजारी बसवून, फोन स्पीकरवर ठेव.