खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे, या कोड्यांत दरवेळी गोंधळ का होतो? सोडवायची कशी?

या कोड्यांत दोनच पार्ट्या असतात, नेहमी खरं बोलणारे (खरे) आणि नेहमी खोटं बोलणारे (खोटारडे), आणि त्यांच्या बोलण्यावरून कोण कोणत्या पार्टीतला ते ओळखायचं. तुम्ही लिहिलंय की "समजा पहिला खरा" असं धरून सुरू करता आणि तिसऱ्या माणसापर्यंत येईस्तोवर डोक्याचा भुगा होतो. माझंही सेम व्हायचं. नागपूरला एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करायचो, तिथला एक मित्र पेन न उचलता उत्तर सांगायचा आणि मला वाटायचं यानं पाठ केलंय. एकदा तर्री पोहे खाता खाता तो म्हणाला, "तू एकेका माणसाला काहून पकडून राहिला बे, दोघांची जोडी पाहा ना."

म्हणजे असं. गण्या म्हणतो "पिंट्या खोटारडा". गण्या खरा असेल तर पिंट्या खोटारडा, गण्या खोटारडा असेल तर पिंट्या खरा, म्हणजे काहीही धरा, दोघं वेगळ्या पार्टीतले. आणि गण्या "पिंट्या खरं बोलतो" म्हणाला तर दोघं एकाच पार्टीत, मग ती कोणतीही असो. बस, एवढ्यावर अर्धी कोडी पडतात.

आता हे करून पाहा. गण्या: "पिंट्या खोटारडा". बाल्या: "गण्या आणि पिंट्या एकाच पार्टीतले". पिंट्या: "बाल्या खरं बोलतो". पहिल्या वाक्यावरून गण्या-पिंट्या वेगळे, म्हणजे बाल्या सरळ सरळ खोटं बोलला. पिंट्या त्याला खरा म्हणतो म्हणजे तोही त्याच्याच पार्टीतला, खोटारडा. उरला गण्या, तो खरा. कुठेच "समजा" लागलं नाही.

पण मार्क जातात ते दुसरीकडेच. गण्या म्हणतो "मी आणि पिंट्या दोघंही खोटारडे". खरा माणूस स्वतःला खोटारडा म्हणूच शकत नाही (म्हणाला तर ते खोटं ठरतं), त्यामुळे गण्या खरा असूच शकत नाही. इथपर्यंत सगळे येतात. मग लोक म्हणतात, वाक्य खोटं ना, म्हणजे दोघंही खरे! अहो, आत्ताच तर गण्याला खोटारडा ठरवलं. "दोघंही खोटारडे" हे खोटं पाडायला दोघांपैकी एक जरी खरा निघाला तरी पुरतं, आणि तो पिंट्याच असणार. मी स्वतः एका सराव परीक्षेत दोन प्रश्न यातच घालवले होते, वेळ गेला तो वेगळाच. "सगळे", "किमान एक", "नेमके दोन" असं दिसलं की त्याच्या उलट काय ते आधी मराठीत लिहून काढा, घाईत सोडू नका.

दोन रस्त्यांवाला प्रश्न पण विचारलाय तुम्ही, की दोनपैकी एकच रस्ता आपल्याला हव्या त्या ठिकाणी जातो, समोरचा खरा का खोटारडा माहीत नाही आणि एकच प्रश्न विचारायचा. त्याला विचारा, "हा रस्ता सीताबर्डीला जातो का, असं तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास का?" खोटारडा इथे स्वतःच्याच खोट्याबद्दल खोटं बोलतो, दोनदा उलटं झालं की सुलटं, म्हणून दोघांचंही "हो" म्हणजे रस्ता बरोबर.

ही कोडी गाजवली रेमंड स्मुलियन या अमेरिकन लॉजिकवाल्यानं, १९७८ च्या पुस्तकातून. त्यात कधी खरं कधी खोटं बोलणारा तिसरा प्रकारही आहे, आणि तो आला की ही जोडीची ट्रिक चालत नाही. तिथे मी पण गुपचूप सगळ्या शक्यतांचं टेबल काढतो.